हॉबी 16 ला जास्तीचं शीड: स्पिनेकर, चौकोनी माथ्याचं मेन, की आहे तेच नव्यानं?

गोव्यात सेकंडहँड हॉबी 16 (दोन हलची, म्हणजे दोन अरुंद बुडांची, छोटी शिडाची कॅटामरान, थोडक्यात कॅट) घेतली की एखादा मोसम जातो आणि मग खाज सुटते, हिला अजून पळवता येईल का? मेन (मागचं मोठं शीड) पिवळट पडून पोटातून सैल झालेलं असतं, आणि मोबाइलवर मात्र बाहेरदेशीच्या कॅटवरची काळसर, चौकोनी माथ्याची शिडं दिसत असतात. चौकशी केली की तीन सल्ले मिळतात. मूळ रिग (मास्ट म्हणजे डोलकाठी, तारा आणि शिडं) नव्यानं उभी कर. पुढे स्पिनेकर (वारा पाठीशी असताना लावायचं मोठं फुगीर शीड) लाव. किंवा मेनच बदलून चौकोनी माथ्याचं कर. प्रत्येक सल्ला देणारा आपल्या जागी बरोबर असतो, कारण तो स्वतःच्या बोटीबद्दल बोलत असतो.

निवड करण्याआधी एकच गोष्ट तपासायची: आपल्या बोटीला जोर नक्की कुठे कमी पडतोय?

हॉबी 16 म्हणजे 5.05 मीटर लांब, 2.41 मीटर रुंद, साधारण 145 किलोची बोट. मेन आणि जिब (पुढचं छोटं शीड) मिळून वीसेक चौरस मीटर शीड. सेंटरबोर्ड (पाण्यात खाली सोडायची फळी) नाही, पाण्यात आडवं सरकणं थांबवायचं काम हलच्या एका बाजूच्या फुगीर आकारावर सोपवलेलं. दोघांनाही ट्रॅपीझ (मास्टवरून आलेली, बाहेर लटकायची तार) आहेच. आता दुपारी वायव्येचा 12-14 नॉट वारा धरा. वाऱ्यावर चढताना दोघं तारेवर बाहेर लटकलेले असतात आणि तरीही झोत आला की मेनशीट (मेन ओढायची दोरी) सोडावी लागते. म्हणजे तिथे शीड जास्तच आहे, त्यात आणखी घालून उपयोग काय? जोर कमी पडतो तो वारा पाठीशी घेऊन उतरताना. आणि सकाळी, मतलई वारा मरतुकडा असताना.

गोव्याचा मोसमी दिवस ठरलेला असतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे हलका मतलई, मग तासभर तरी शांत, आणि दुपारपासून खारा वारा. मार्च ते मेमध्ये तो जास्त नेटाने येतो. दोनापावल्याच्या हवाई बीचवरून बोट काढत असाल तर काबोचं टेकाड वाऱ्याच्या आड येतं. किनाऱ्याजवळ वारा तुकड्यातुकड्यांनी पडतो, जरा बाहेर गेलं की सलग मिळतो. त्यात ओहोटी असली की झुआरीचं पाणी वाऱ्याच्या तोंडावर बाहेर येतं आणि मुखाशी जवळजवळच्या, उभ्या लाटा तयार होतात. हॉबीची नाकं बारीक आणि बुटकी, त्यामुळे त्या लाटांत ती खुपसतात. हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

मूळ रिग नव्यानं

हा सगळ्यात कंटाळवाणा पर्याय, आणि बहुतेकांना पहिल्यांदा हाच लागतो. बऱ्याच जुन्या बोटींचा वेग शिडात अडकलेला नसतोच, तो तारांत आणि कप्प्यांत (दोरी फिरवणाऱ्या चाकांत) अडकलेला असतो.

हॉबी 16 च्या रिगची एक गंमत आहे. किनाऱ्यावर मास्ट फोरस्टेवर (पुढून धरणाऱ्या तारेवर) उभा असतो, पण जिब ताणून चढवली की फोरस्टे सैल पडते आणि सगळा भार जिबच्या पुढच्या कडेत शिवलेल्या तारेवर येतो. मेनशीट खेचली की मास्ट मागे ओढला जातो आणि जिबची कड ताठ होते. म्हणजे मेनशीटचे कप्पे झिजलेले असतील, किंवा ओढ 5:1 ची (कप्प्यांमुळे हाताचं बळ पाचपट) असून हातात तेवढं बळ नसेल, तर तुमची जिबसुद्धा पोटातून सैलच राहणार. 6:1 चे नवे कप्पे टाकले तर वाऱ्यावर चढण्याच्या कोनात फरक पडतो. त्याला नवं शीड लागत नाही.

साइडस्टेचं (मास्टला बाजूने धरणाऱ्या तारेचं) टोक बघायचं तर असं बघा: तार जिथे दाबून बसवलेल्या नळीत शिरते तिथे जुना टूथब्रश आणि गोडं पाणी मारा, वाळू द्या, मग अंगठ्याचं नख तारेवरून नळीच्या दिशेने न्या. नख कुठे अडकलं तर एक तंतू तुटलेला आहे. नळीच्या तोंडाशी तपकिरी डाग परत परत येत असेल तर गंज आत आहे आणि बाहेरून घासून तो जाणार नाही. खारं दमट हवामान आणि बंद फट ही स्टेनलेसला न मानवणारी जोडी आहे. अशी तार असताना स्पिनेकरचा विचारही करू नये. मास्टच्या रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी दिसते ती अॅल्युमिनियमची झीज. नवं काही रिव्हेट करताना स्टील आणि अॅल्युमिनियम यांच्या मध्ये गंजरोधक पेस्ट घालायचीच.

शिडाचं कापड डॅक्रॉन (विणलेलं पॉलिएस्टर) की मायलार (थर चिकटवलेली फिल्म)? वर्गाच्या (एकाच प्रकारच्या बोटींच्या) शर्यतीत खेळणार असाल तर प्रश्नच येत नाही. हॉबीचे नियम कडक आहेत, शीड अधिकृतच लागतं. नसाल तरी इथे माझं मत डॅक्रॉनच्या बाजूने आहे. मायलार आकार चांगला धरतं, पण घडी सहन करत नाही, आणि ऊन-दमटपणात त्याचे थर सुटायला लागतात. डॅक्रॉन हळूहळू ताणत जातं, पण वाईट वापरलं तरी चालत राहतं. शीड बॅटनसकट (शिडात घातलेल्या आडव्या पट्ट्यांसकट) गुंडाळून सावलीत ठेवायला जागा असेल तरच मायलार परवडतं. बीचवर माडाखाली ताडपत्रीत ठेवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

स्पिनेकर

खरा फरक इथे आहे. साध्या हॉबीने काबोच्या बाहेरून शिरदोणच्या दिशेने आत यायचं म्हणजे वारा पाठीशी, ऊनही पाठीवर, आणि बोट आळसावलेली. असिमेट्रिक (दोन्ही कडा सारख्या नसलेला) स्पिनेकर लावला की सरळ उतरायचं सोडून नागमोडी उतरायचं: थोडं वर येऊन वेग घ्यायचा, वेगामुळे जाणवणारा वारा पुढे सरकतो, मग तोच वारा धरून खाली उतरायचं. अंतर वाढतं, पण वेग त्याहून जास्त वाढतो. मेन-जिबच्या बोटीवर ज्या वाऱ्यात गप्पा मारत बसतात त्या वाऱ्यात इथे क्रू तारेवर जातो. हॉबीने स्वतःच 16 साठी स्पिनेकरचा संच काढला आणि युवा स्पर्धांत तो वापरला गेला, त्यामुळे हा जुगाड नाही. पोल (पुढे निघालेला दांडा), तो धरणारा ब्रायडल (दोऱ्यांचा जोड), हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) आणि शीड गिळून घेणारी स्नफरची नळी, सगळं या बोटीला बसवून पाहिलेलं आहे.

दोऱ्या मात्र वाढतात. हॅलयार्ड, टॅकलाइन (शिडाचा पुढचा कोपरा पोलकडे ओढणारी), दोन शीटा (शीड ताणायच्या दोऱ्या), स्नफरमधून खाली ओढायची दोरी. ट्रॅम्पोलिनवर आधीच दोन माणसं, दोन हार्नेस आणि मेनशीटचा गुंता. पहिल्या खेपांना स्पिनेकर वर जाताना मधे पिळला जाऊन त्याचा डमरू होतो, आणि क्रूला वाटतं की दोरी अडकली म्हणून तो आणखी जोर लावतो. सकाळी वारा पडलेला असताना वाळूवर बोट उभी करून चढव-उतरव घोटून घ्या. एका हाताखाली दुसरा हात, न थांबता, टोक वर टेकेपर्यंत. मगच शीट.

मास्टबद्दल एक गोष्ट पाठ हवी. कॅटामरानला मागून धरणारी तार नसते. साइडस्टे थोडे मागे झुकलेले असतात तेवढाच आधार. स्पिनेकर मास्टला वरून पुढे ओढतो आणि त्याला मागे धरून ठेवते ती मेनची ताणलेली मागची कड, म्हणजे शेवटी मेनशीट. स्पिनेकर वर असताना घाबरून मेनशीट पूर्ण सोडली तर मास्टचा पाठीराखाच गेला. हॅलयार्डचा कप्पाही साइडस्टेच्या जोडाच्या फार वर नको. त्यावरचा मास्ट मोकळा असतो, आणि हॉबी 16 च्या मास्टला आधुनिक कॅटसारख्या डायमंड तारा (मास्टच्या दोन्ही बाजूंनी त्याला ताठ ठेवणाऱ्या) नाहीत.

दुसरी गोष्ट हाताच्या सवयीची. वाऱ्यावर चढताना झोत आला की आपण वाऱ्याकडे वळतो. स्पिनेकरखाली उलट: झोत आला की खाली वळायचं. सवयीने वर वळलात तर बोट कलंडते, किंवा नाक खुपसून मागचा भाग डोक्यावरून पुढे येतो. पोलच्या टोकाची ओढ थोडी वरच्या दिशेने असते, त्यामुळे नाक हलकं राहतं हे खरं, पण झुआरीच्या मुखावरच्या त्या आखूड लाटांत पुढच्या लाटेच्या पाठीत नाक गेलं की तेवढी ओढ पुरत नाही. दोघांनी शक्य तितकं मागे. मागच्या आडव्या पाइपाजवळ पाय येईपर्यंत.

आणि दिसत नाही! स्पिनेकर वाऱ्याखालची सगळी बाजू झाकतो. त्या बाजूला खनिजाची बार्ज असू शकते, पॅरासेलिंगची स्पीडबोट असू शकते, डॉल्फिन दाखवायला निघालेली होडी असू शकते, जाळ्याचे तरंगते गोळे असू शकतात. भरलेली बार्ज तुमच्यासाठी वळणार नाही, तिला वळता येत नाही. झुआरीच्या मुखाशी रुंदी पुष्कळ आहे, तिथे चालून जातं. मांडवीत, आग्वादच्या वाळूच्या दांड्यापासून आत, मी स्पिनेकर नळीतच ठेवायला सांगेन.

चौकोनी माथ्याचं मेन

दिसायला सगळ्यात देखणा पर्याय हाच, आणि हॉबी 16 वर सगळ्यात कमी पटणाराही. चौकोनी माथ्याचा फायदा नुसत्या वाढीव क्षेत्रफळात नसतो. झोत आला की माथा आपोआप वाऱ्याखाली पडतो आणि जास्तीचा जोर सोडून देतो. झोत गेला की परत बंद होतो. पण हे घडण्यासाठी कनिंगहॅमला (मेनची पुढची कड खाली ताणणाऱ्या दोरीला) मोठी ओढ हवी, ती खेचली की मास्ट हवा तेवढाच वाकायला हवा, आणि मास्ट किती फिरतो त्यावर हाताचा ताबा हवा. एफ18 सारख्या शर्यतीच्या कॅटांत डायमंड तारा, बॅटन आणि शीड एकत्र बेतलेलं असतं. हॉबीचा मास्ट वेगळ्या शिडासाठी बनलाय. त्यावर नुसतं माथ्याला रुंद केलेलं शीड चढवलं तर माथा पडण्याऐवजी मास्टचं टोकच पडतं, आणि मागची कड कधी उघडेल याचा भरवसा राहत नाही. अमेरिकन बाजारातून आलेली बोट असेल तर मास्टचा वरचा तुकडा फायबरचा असू शकतो. विजेच्या तारांना मास्ट लागून झालेल्या अपघातांनंतर तो तसा करण्यात आला. सुरक्षेला उत्तम, पण चौकोनी माथ्याचा भार घ्यायला तो नाही. (मास्ट 8 मीटरचा आहे. गावातल्या रस्त्यावरून बोट मास्टसकट ढकलत नेणाऱ्यांनी वर बघत चालावं, तुकडा फायबरचा असो वा नसो.)

रिग बदलून बोट नवी झाल्याचं उदाहरण आहे ते टोर्नेडो या कॅटचं. 1976 पासून 2008 पर्यंत ऑलिंपिकमध्ये असलेल्या या बोटीला सिडनी ऑलिंपिकनंतर, 2001 मध्ये, नवी रिग मिळाली: मोठं चौकोनी माथ्याचं मेन, असिमेट्रिक स्पिनेकर आणि दोघांनाही ट्रॅपीझ. हल तेच, आणि अथेन्सला 2004 मध्ये बोट वेगळीच वाटावी इतकी वेगवान. पण तिची रुंदी 3 मीटरच्या वर आहे, तिला सेंटरबोर्ड आहेत, आणि बदल एकमेकांना धरून, पूर्ण वर्गाने एकदम केले. आपल्या हॉबीला दुसरा ट्रॅपीझ आधीच मिळालेला आहे आणि रुंदी वाढणार नाही. वाढीव जोर तोलायला नवं काहीच हाती नसतं.

एवढे पैसे चौकोनी माथ्यावर घालायचेच असतील तर ते जपून ठेवून जुनी एफ18 शोधणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. ती बोट त्या शिडासाठीच बेतलेली असते.

शर्यतीचं काय

वर्गाच्या शर्यतीत वाढीव काही चालत नाही, स्पिनेकरची वेगळी शर्यत असेल तेवढी सोडून. मिश्र ताफ्यात हँडिकॅपवर (बोटीच्या आकड्यानुसार वेळ जुळवून) खेळत असाल तर एससीएचआरएस सारख्या कॅटांच्या हँडिकॅप पद्धतीत शिडाचं क्षेत्रफळ, लांबी, वजन हे सगळं आकड्यात धरलं जातं. स्पिनेकर लावला की आकडा तुमच्या विरुद्ध सरकतो, तो तुम्ही नीट चढवता की डमरू करता हे आकडा विचारत नाही. वर्गनियमात दोघांचं मिळून किमान वजन 129 किलोच्या आसपास धरलंय. त्याहून हलकी जोडी असेल तर दुपारच्या वाऱ्यात जास्तीच्या शिडाचा नाद सोडलेला बरा.

एकट्याने

जिब काढून एकट्याने चालवता येते, पण हॉबी 16 टॅक घेताना (नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना) उलटी धरलेली जिबच तिचं नाक पलीकडे ढकलते. ती नसली की बोट वाऱ्याच्या डोळ्यात जाऊन थांबते आणि सुकाणू उलटं धरून मागे सरकत वळावं लागतं. उलटल्यावर एकट्याच्या वजनाने सरळही होत नाही, पाण्याची पिशवी बरोबर हवी. एकट्यासाठी मुळात एकाच शिडावर बेतलेली हॉबी 14 जास्त सरळ आहे, आणि पुढे मन झालं तर टर्बो संचाने तिला जिब आणि ट्रॅपीझ जोडता येतात.

माझ्याकडे कोणी ठराविक पैसे घेऊन आला तर तारा, कप्पे, मेनशीट यांवर आधी खर्च करायला लावेन. मग पक्का, दर आठवड्याला येणारा क्रू आहे का ते विचारेन. असेल तर स्पिनेकर. दर वेळी नवा पाहुणा बसवत असाल तर नवं डॅक्रॉन मेन घ्या आणि मोकळे व्हा. सामान बाहेरून येणार आणि कस्टममध्ये किती रेंगाळेल ते सांगता येत नाही, म्हणून मागणी पावसाळ्याआधी टाका. जूनमध्ये बोट वर काढून मास्ट आडवा केला की रिव्हेट, कप्पे आणि पोलची मापं सगळं जमिनीवर, हाताच्या उंचीवर करता येतं.