कॅम्पर व्हॅन भाड्याने घेताय? डिपॉझिट पाठवण्याआधी हे वाचा

आमचे डिपॉझिटचे तीस हजार रुपये अजून अडकलेले आहेत आणि ज्याने ते अडकवले त्याची व्हॅन आजही भाड्याने फिरते आहे. म्हणून हे लिहितोय. आपल्या खान्देशातून सातपुड्यात किंवा त्याहून लांब डोंगरात कॅम्पर व्हॅन घेऊन जायचा बेत बरेच जण करायला लागलेत. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये.

आम्हाला आबा आणि आईला तोरणमाळ दाखवायचं होतं. आबांचे गुडघे गेलेत, आईला मधुमेहामुळे सारखं बाथरूमला जावं लागतं. गाडीतच बेड, टॉयलेट आणि चहापुरती शेगडी असली तर दोघांना निवांत नेता येईल, असा विचार होता. गणपती उठले की पावसाचा जोर ओसरतो, सीताखाईचे धबधबे चालू असतात, यशवंत तलाव भरलेला असतो. तोरणमाळ बघायचे तेच दिवस.

जाहिरातीत भाडं इतरांइतकंच होतं. फार स्वस्त सांगितलं असतं तर कोणालाही शंका आली असती. व्हिडिओ कॉलवर व्हॅन आतून दाखवली: स्वच्छ बेड, चालू नळ, बाजूला बाहेर ओढायचं कापडी छत. भाडं आगाऊ, शिवाय तीस हजार डिपॉझिट, 'गाडी परत आली की तासाभरात तुमच्या खात्यात.' करारपत्र मागितलं तर म्हणाला, कागद गाडीसोबत येतील.

अमळनेरला गाडी सकाळी पोहोचणार होती, आली रात्री नऊनंतर. दिवसभर कधी टायर, कधी टोलनाक्यावरची गर्दी, अशी कारणं येत होती. घरात म्हातारी माणसं तयार होऊन बसलेली, कळण्याच्या भाकरी नि ठेचा बांधून ठेवलेला, मुलं पेंगायला आलेली. गाडी घेऊन आलेल्या पोराला लगेच रेल्वे पकडायची होती. मोबाईलच्या उजेडात त्याने एक छापील फॉर्म पुढे केला: 'गाडी सुस्थितीत मिळाली.' सगळा डाव या उशिरात आहे, हे आता पक्कं कळलंय. गाडी अंधारात द्यायची आणि भर दुपारी परत घ्यायची.

सकाळी आबांनी काठी टेकत गाडीला चक्कर मारली आणि म्हणाले, "भाऊ, हाई गाडी बराबर नही शे." नंबर प्लेट पांढरी होती. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. ड्रायव्हरसह भाड्याने मिळणाऱ्या गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं असतात. स्वतः चालवायला भाड्याने देतात तिला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं कायद्याला धरून नाहीच. त्यात खासगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर वगळलेला असतो. म्हणजे घाटात काही झालं असतं तर विमा कंपनीने सरळ हात वर केले असते. आई-वडील आणि मुलं घेऊन आम्ही अशा गाडीतून निघालो होतो, या विचाराने आजही झोप उडते.

फोन केला तर उत्तर आलं, 'आता रद्द केलं तर डिपॉझिट मिळणार नाही.' डिपॉझिट कशासाठी घेतात ते इथे कळलं.

दोंडाईचा, सारंगखेड्याचा पूल, शहादा, इथपर्यंत ठीक चाललं. म्हसावदच्या पुढे पाण्याचा पंप नुसताच घरघरायला लागला. टॉयलेटची खालची टाकी आधीच्या गिऱ्हाइकाची भरलेली तशीच होती, झाकणाला टेप चिकटवलेला. वास यायला लागला तशी आईने दारापाशी बसून राहायचं ठरवलं. शेगडीखाली लाल घरगुती सिलिंडर होता, तोही पट्ट्याशिवाय मोकळा ठेवलेला. घाटाच्या वळणांवर तो सरकू नये म्हणून माझा मेव्हणा त्याला पायाने दाबून बसला. घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरायलाच बंदी आहे. रात्री तोरणमाळला आतले दिवे आणि पंखा लावला, तर सकाळी गाडी चालूच होईना. चांगल्या कॅम्परमध्ये घरातल्या वापरासाठी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी बॅटरी असते. इथे सगळं एकाच बॅटरीवर जोडलेलं होतं. गावातल्या एका जीपवाल्या दादांनी स्वतःची बॅटरी जोडून गाडी चालू करून दिली आणि पैसे घ्यायला नको म्हणाले. पुढच्या रात्री आई-आबांना पर्यटन महामंडळाच्या निवासात ठेवलं.

परत करताना दुसराच माणूस आला, उन्हात, टॉर्च आणि फूटपट्टी घेऊन. छत फाटलंय म्हणाला. ते छत आम्ही एकदाही उघडलं नव्हतं. मी तो फाटका भाग जवळून पाहिला. चिरेच्या दोन्ही कडांवर धूळ बसून त्या काळ्या पडल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना जुन्या चिकटपट्टीचा पिवळा डिंक वाळून राहिला होता. कोणीतरी ते आधी चिकटवलं होतं, पट्टी काढली होती आणि छत गुंडाळून ठेवलं होतं. मी त्याचे फोटो काढायला लागलो तसा तो माणूस आवाज चढवायला लागला. छताचे अठरा हजार, ओरखड्यांचे सहा, 'सफाई'चे सहा, बरोबर तीस. हिशोब आधी करून, मग नुकसान शोधलं होतं. या लोकांची खरी कमाई भाड्यात नसून डिपॉझिटमध्ये आहे.

तुम्ही व्हॅन घेणार असाल तर आधी गाडीचा नंबर मागा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढे बोलूच नका. नंबर मिळाला की एमपरिवहन या सरकारी ॲपवर वाहनाचा प्रकार, फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. प्रकार साधी मोटार असा असेल आणि आत बेड नि शेगडी बसवलेली असेल, तर तो बदल नोंदणीवर चढवलेला नाही. व्हिडिओ कॉलवर नुसतं आतलं बघू नका. नंबर प्लेटपासून सुरुवात करून कॅमेरा न थांबवता आत न्यायला सांगा. आम्हाला दाखवलेली व्हॅन आणि आलेली व्हॅन एकच होती का, याची मला आता खात्री देता येत नाही. गाडी दिवसाउजेडी घ्या. छत पूर्ण उघडून बघा, पंप चालवा, मैल्याची टाकी रिकामी आहे का पाहा, सगळ्याचं चित्रीकरण करा आणि ते त्यालाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा म्हणजे तारीख-वेळ राहते. रात्री आली तर सकाळपर्यंत सही करू नका, पोराची रेल्वे चुकली तरी चालेल.

आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. व्हॅनवाल्याने उत्तर दिलं नाही, आमचे नंबर ब्लॉक केले. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. वकिलांकडून तीन गोष्टी कळल्या, त्या इतरांच्याही कामाच्या आहेत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. गाडीवाला दुसऱ्या शहरातला असला तरी आम्हाला जळगाव पुरेसं आहे. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. अनेक जण दहा-पंधरा हजारांसाठी कोण हेलपाटे घालणार म्हणून सोडून देतात आणि त्याच जोरावर हा धंदा चालतो.

करड्या रंगाची, उजव्या बाजूला निळा पट्टा असलेली, बाहेर ओढायचं हिरवं छत असलेली व्हॅन कोणी आमच्या आधी भाड्याने घेतली असेल आणि त्या छताचा एखादा जुना फोटो मोबाईलमध्ये असेल, तर कृपया तो पुसू नका, मला कळवा. चीर आधीची आहे हे आयोगापुढे दाखवायला तो एक फोटो पुरेल.