खुब्याचा एमआर आर्थ्रोग्राम: पैसे कधी सार्थकी लागतात?

जांघेत खोल दुखणं, उकिडवं बसताना किंवा रिक्षातून उतरताना कळ, मधूनच खट्ट आवाज, आणि साधा एमआरआय ‘नॉर्मल’. एमआर आर्थ्रोग्राम, म्हणजे सांध्यात द्रव सोडून काढलेला एमआरआय, अशांसाठी आहे. खुब्याच्या वाटीला लॅब्रम नावाची लवचिक कूर्चेची कड असते. ती वंगण आत धरून ठेवते. तिची चीर इतकी बारीक असते की साध्या चित्रात बुजून जाते. म्हणून एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर बघत सांध्यात 10 ते 15 मिलि पातळ केलेलं गॅडोलिनियम (एमआरआयमध्ये उठून दिसणारं द्रव्य) सोडतात. ते चिरेत शिरतं आणि पांढरी रेघ उमटते. इंजेक्शननंतर अर्ध्या-पाऊण तासात स्कॅन व्हायलाच हवा, नाहीतर द्रव शोषला जाऊन चित्र फिकं पडतं.

तपासणी उत्तम आहे, पण ती मागवताना चुका होतात. दोन्ही खुबे चित्राच्या एकाच चौकटीत घेतले, तर इंजेक्शन टोचून घेतल्याचा उपयोग जवळजवळ शून्य. दुखऱ्या खुब्याचीच 16 ते 20 सेंटीमीटरची चौकट हवी, शिवाय मांडीच्या हाडाच्या मानेला समांतर तिरके छेद. हे बुकिंग करतानाच विचारा. 3 टेस्लाचं (जास्त ताकदीच्या चुंबकाचं) यंत्र आणि अशीच लहान चौकट असेल, तर इंजेक्शनशिवायही बऱ्याचदा भागतं.

द्रवात भुलीचं औषध मिसळायला जरूर सांगा. पुढचे काही तास दुखरी हालचाल करून पाहा. दुखणं थांबलं, तर मूळ सांध्यातच आहे. थांबलं नाही, तर कंबर, स्नायू किंवा हर्नियाकडे बघावं लागतं. आमच्या मते ही माहिती चित्राइतकीच मोलाची आहे, कारण 2012 च्या एका अभ्यासात खुबा अजिबात न दुखणाऱ्या 45 जणांपैकी 69 टक्क्यांच्या एमआरआयमध्ये लॅब्रमची चीर दिसली होती.

लॅब्रम विनाकारण क्वचितच फाटतं. मांडीच्या हाडाच्या मानेवरचा उंचवटा वाकताना कडेला घासतो. बर्नच्या राइनहोल्ड गांझ यांनी 2003 मध्ये हे नीट मांडलं. कधी वाटीच उथळ असते, कधी अपघातात सांधा निखळलेला असतो. उंचवटा आणि उथळपणा स्वस्त एक्स-रेमध्येही दिसतो. म्हणून आधी उभ्याने दोन्ही खुब्यांचा (पेल्व्हिसचा) एक्स-रे आणि 45 अंशांचा डन व्ह्यू, म्हणजे खुबा तेवढा वाकवून काढलेला एक्स-रे, काढून घ्या.

रक्त पातळ करणारी गोळी, गॅडोलिनियमची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी सांगा. एक-दोन दिवस ठणका राहतो. ताप आला किंवा दुखणं वाढतच गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.