१ लाख ल्युमेनची टॉर्च आणि २७ ग्रॅमचा सेल

फोनवर सध्या एक जाहिरात सारखी येते. लष्करी छापाचे कपडे घातलेला एक जण टॉर्चने वीट फोडतो, तीच टॉर्च पाण्याच्या बादलीत बुडवतो आणि मग रात्री समोरच्या डोंगरावर झोत टाकतो. अख्खा डोंगर उजळून निघतो. खाली लिहिलेलं असतं : ‘टॅक्टिकल’, ‘मिलिटरी ग्रेड’, १,००,००० ल्युमेन, ५ किलोमीटर झोत, ९९०० एमएएच बॅटरी. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप, एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं. २,९९९ वर काट मारून किंमत ७९९. शेजारी उलटं पळणारं घड्याळ आणि ‘फक्त ३ नग शिल्लक’. ही टॉर्च आमच्या घरी येऊन गेली. आणखी कुणाच्या घरी जाऊ नये, म्हणून हे सगळं लिहितोय.

आम्ही जुन्नर तालुक्यातले. शेतीच्या लाइटची पाळी रात्रीची आली की रात्रीच मोटर चालू करायची आणि रात्रीच उसाला दारं धरायची. उसात बिबट्या असतो ही आमच्याकडे दंतकथा नाही, आणि बांधावर घोणस किंवा मण्यार कधी आडवी येईल याचा नेम नाही. त्यामुळे एका हातात काठी आणि खिशात टॉर्च, हे बारा महिने चालू. मोबाइलचा उजेड चार पावलांपुढे जात नाही आणि चिखलात फोन पडला तर नुकसान वेगळंच. म्हणून खिशात मावणारी, पावसात टिकणारी, लांब झोत टाकणारी आणि खिशाला परवडणारी टॉर्च हवी होती. जाहिरात बनवणाऱ्यांना आपली ही गरज बरोबर ठाऊक असते.

पैसे पार्सल हातात आल्यावर द्यायचे होते. त्याला आपण सुरक्षित समजतो, पण पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडू देत नाहीत. पोचवणाऱ्या पोराचा त्यात दोष नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. खोक्यावर पाठवणाऱ्याचा धड पत्ता नव्हता. कुणी बनवली, कुणी आयात केली, कोणत्या देशातून आली, एमआरपी किती, यातलं काहीही छापलेलं नव्हतं. बंद खोक्यातून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर हे छापणं कायद्याने सक्तीचं आहे. आत एक रंगीत कार्ड मात्र आठवणीने घातलेलं : पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, १०० रुपये मिळवा. त्या साइटवर एवढी वाहवा कुठून आली होती ते तिथेच कळलं. नंतर त्या प्रतिक्रिया निवांत वाचल्या, तर त्यातल्या काही मोबाइलच्या कव्हरबद्दल होत्या. आधी दुसरीच वस्तू विकायची, प्रतिक्रिया जमवायच्या आणि मग त्याच पानावर टॉर्च चढवायची, असा हा उद्योग.

पहिल्या रात्री टॉर्च चांगली वाटली, हे मुद्दाम सांगतो. निळसर पांढरा, डोळ्यांवर येणारा उजेड. आमचे आप्पा म्हणाले, “भारीच दिसतीय की रं.” या टॉर्च पहिली पाच मिनिटं छाप पाडण्यासाठीच बनवलेल्या असतात. मोटरीपर्यंत जाईस्तोवर तिचा तोरा उतरला आणि अंगाला हात लावला तर चटका बसेल इतकी ती तापली. पुढे ऊस सुरू झाला तिथे झोत पिवळट पडला.

बटणाची गंमत त्याहून वाईट. एकच बटण. दाबलं की मोठा उजेड, पुन्हा दाबलं की मध्यम, मग मंद, मग फडफडणारा, मग मदत मागायचा एसओएस इशारा. उसात काहीतरी सळसळलं म्हणून आप्पांनी बटण दाबलं, तर टॉर्च लुकलुकायला लागली. समोर काय आहे ते दिसायच्या ऐवजी त्यांचेच डोळे दिपले. रानमांजर असावं, निघून गेलं. पण ज्या क्षणासाठी माणूस टॉर्च बाळगतो, त्या क्षणी तिने हे केलं. टॅक्टिकल म्हणतात त्या खऱ्या टॉर्चला मागच्या टोकाला बटण असतं आणि दाबताक्षणी पूर्ण उजेड मिळतो. अंधारात हात चाचपडू नये, हीच त्या शब्दामागची खरी सोय. आमच्या टॉर्चवर फक्त शब्द छापलेला होता.

पुढे सरकवायची ‘झूम’ भिंग होती तिचीही तीच तऱ्हा. नळी मागेपुढे सरकते म्हणजे आत हवा जा-ये करते, आणि जिथून हवा जाते तिथून पाणीही जातं. पहिल्याच भुरभुर पावसात काचेच्या आतून वाफ धरली. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिण्याला अर्थ नसतो. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसेल, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. यातला आकडा दिलेला नसेल तर वॉटरप्रूफ हा शब्द वाचलाच नाही असं धरावं.

आता त्या १ लाख ल्युमेनचा हिशेब करू. मोटारीच्या हेडलाइटचा नेहमीचा एच-४ हॅलोजन बल्ब अप्परवर सुमारे १,६५० ल्युमेन देतो. म्हणजे जाहिरातीप्रमाणे खिशातल्या टॉर्चमध्ये असे साठएक बल्ब. चांगली एलईडी एका वॅटमागे १५० ल्युमेन देते असं उदार मनाने धरलं, तरी १ लाखासाठी साडेसहाशे वॅटच्या वर वीज हवी. आत सेल होता १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या मापाचा चांगल्या कंपनीचा सेल ३५०० एमएएचच्या आसपास असतो. ३.६ व्होल्टने गुणलं तर साडेबारा वॅट-तास. एवढ्या विजेवर १ लाख ल्युमेन जेमतेम एक मिनिट चालतील, तेही त्या सेलला एका दमात तेवढा करंट देता आला तर. तो देऊ शकत नाही. ५ किलोमीटरचंही तसंच. टॉर्च मोजायचं एफएल-१ नावाचं अमेरिकन मानक आहे. त्यात झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो ती जागा. २०० मीटरसाठी १०,००० कॅन्डेला (झोताच्या तीव्रतेचं माप) पुरतात, ५ किलोमीटरसाठी साडेबासष्ट लाख लागतात. बोटभर रुंद भिंगातून ते निघणार नाहीत.

ल्युमेन घरी मोजता येत नाहीत, सेलचं वजन मात्र येतं. आम्ही तो किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर टाकला : २७ ग्रॅम. या मापाचा अस्सल सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. उरलेलं वजन गेलं कुठे? अशा सेलांत कधी मोठ्या डब्यात छोटा सेल बसवून भोवती भुकटी भरलेली असते, कधी लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटरीतले सेल काढून त्यांवर नवी सालं चढवलेली असतात. नारायणगावात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराने तो त्याच्या टेस्टरवर लावला. “दादा, ९९०० सोडा, हजारसुद्धा भरत नाही हा,” म्हणाला. अशा पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम सेलला आपल्याकडे बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. सेलवर आयएस १६०४६ हा मानकाचा क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. आमच्या सेलवर ज्वाळेचं चित्र आणि ९९००, बस्स.

पैसे परत मागितले तेव्हा दुसरा अंक सुरू झाला. साइटवरचा नंबर बंद. जाहिरातीखाली तक्रार लिहिली, तर थोड्याच वेळात एका अनोळखी नंबरवरून फोन : “सर, रिफंड डिपार्टमेंट से बोल रहा हूँ.” ऑर्डरची रक्कम, पत्ता, सगळं त्याला पाठ. व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका, ७९९ जमा होतील, म्हणाला. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हे सांगितल्यावर साहेबांची भाषाच बदलली. फोन ठेवला आणि त्याचा नंबर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवला. टॉर्चचे ७९९ हे यांच्यासाठी नुसतं गळाला लावलेलं आमिष असावं असं मला आता वाटतं. चिडलेला, परतावा मागणारा गिऱ्हाईक हीच यांची खरी शिकार.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. तिथली बाई नीट बोलली, तक्रार क्रमांकही मिळाला. पण हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते, आणि इथे कंपनीच कुठे दिसत नव्हती. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात की ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यायचं, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात निवाडा करायचा. या साइटवर यातलं काहीच नव्हतं, आणि काही दिवसांनी साइटच उघडेना. पैसे आले नाहीत, येतील असं वाटतही नाही. ऑर्डर देण्याआधी साइटच्या तळाशी जाऊन पत्ता शोधायला अर्धं मिनिट लागतं. पत्ता नसेल तर तिथेच थांबायचं. पळतं घड्याळ बघून घाई तर मुळीच करू नये. पान पुन्हा उघडलं की ते पहिल्यापासून सुरू होतं. अशा खोट्या घाईला केंद्राच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी (म्हणजे गिऱ्हाइकाला भुलवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरोधी) मार्गदर्शक तत्त्वांमध्ये नाव घेऊन मनाई आहे.

नंतर घेतलेली टॉर्चही चिनीच आहे, पण तिच्या खोक्यावर १,००० च्या आसपास ल्युमेन लिहिलेत. सोफिर्न, वुर्कॉस, कॉनव्हॉय या चिनी कंपन्या स्वस्तात बऱ्यापैकी खरे आकडे देतात, तेव्हा चायना माल म्हणून सरसकट नाक मुरडण्यात अर्थ नाही. खऱ्या टॉर्चची माझी खूण अशी की ती आपलं उणं स्वतः सांगते : मोठा उजेड इतकी मिनिटं, मग तापू नये म्हणून आपोआप इतका कमी, मग इतके तास. तिथेही एक मेख आहे. एफएल-१ प्रमाणे ‘चालते’ म्हणजे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ, त्यामुळे ‘८ तास’ वाचून ८ तास लख्ख उजेड समजू नये. शेतावर, जिन्यात, रात्रीच्या ट्रेकला ३००-४०० ल्युमेन सलग दोन-तीन तास मिळाले की भरपूर होतात. आप्पा तर बहुतेक वेळा त्याहून कमीवरच चालतात, कारण फार उजेडाने जवळचं दिपतं आणि लांबचं दिसत नाही. आणि घरात जुन्या पद्धतीची दोन सेलांची प्लास्टिकची बॅटरी असेल तर टाकू नका. तिचा उजेड कमी, पण ती खोटं बोलत नाही.

अशी ७९९ वाली टॉर्च ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी तिचा सेल काढून तोलावा. हलका निघाला तर तो चार्जिंगला लावून झोपू नये. जास्त चार्ज झाल्यावर वीज तोडणारी पट्टी अशा सेलांत नसण्याचीच शक्यता जास्त, आणि टॉर्चमधल्या स्वस्त सर्किटवर भरवसा ठेवण्यासारखा नसतो. एक बारीक खूण सांगतो : दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर अशा बऱ्याच टॉर्च चार्जच होत नाहीत, कारण पोर्टमध्ये काही पैशांचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. जिथे एवढं वाचवलं, तिथे सेलवर किती खर्च केला असेल? काढलेला सेल चुलीत, शेकोटीत किंवा घंटागाडीत टाकू नये. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. आमचा त्या नारायणगावच्या पोराने त्याच्या डब्यात ठेवून घेतला.