बैठकीसाठी फिकट राखाडी: निळसर की मातकट?

बैठकीच्या खोलीच्या भिंतींना राखाडी रंग ठरला, छटा फिकट हवी हेही ठरले, आणि आता शेड कार्डावर एकमेकींना खेटून असलेल्या दोन पट्ट्यांपाशी बोट अडले आहे, अशांसाठी हे लिहीत आहे. दोन्ही पट्ट्या उजळपणात जवळपास सारख्याच असतात, फरक असतो तो आतल्या झाकेचा. एकीत काळ्याबरोबर निळ्याचा अंश असतो, तर दुसरीत पिवळ्या किंवा तांबड्या ऑक्साईडचा, म्हणजे मातीसारख्या रंगद्रव्याचा. आमच्या गावच्या घरात मी दोन्ही लावल्या आहेत. बैठकीला निळसर आहे, मधल्या खोलीला मातकट.

निळसर राखाडीची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात असताना वावरातून दुपारी घरी आले की ती भिंत डोळ्यांना गारवा देते. सागवानी दाराच्या तांबूस चौकटीशेजारी ती स्वच्छ आणि नीटस दिसते. केवळ दिवसाच्या उजेडावर निवड करायची असती, तर मी दोन्ही खोल्यांना तीच लावली असती.

आमचे रंगकाम दिवाळीआधी आटोपले. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन वेचणी सुरू झाली आणि पहिल्या वेच्याचा कापूस बैठकीच्या कोपऱ्यात येऊन पडला. रात्री दिवा लावला, तेव्हा त्या ढिगामागची भिंत चक्क निळी दिसली. एरवी नजरेला सवय झाली असती, पण पांढऱ्याशुभ्र कापसाला टेकलेल्या त्या भिंतीला राखाडी म्हणवेना. आई उंबऱ्यातूनच म्हणाली, “चुन्यात नीय जास्त पडली काय रे?” ज्यांनी दरवर्षी चुन्याने भिंती पोतल्या आहेत, त्यांना यापुढे काही सांगायला नको. चुना पांढरा दिसावा म्हणून घातलेली नीळ चमचाभर जास्त झाली की भिंत जशी दिसते, नेमकी तशीच ती दिसत होती.

याचे कारण बहुतेक दिव्यात आहे. आपल्याकडे सर्रास मिळणारे पांढरे एलईडी दिवे 6500 केल्विनचे असतात (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर), आणि त्यांच्या उजेडातच निळ्याचा भाग मोठा असतो. त्यातच चारही भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे पट्टीवर पुसट वाटणारी झाक खोलीत गडद होते. 3000 केल्विनचा पिवळसर दिवा लावल्यास ही अडचण बरीच कमी होते, हे मान्य करायला हवे. मी एक बसवलाही होता आणि भिंत सावरली होती, पण घरच्यांना तो उजेड मंद वाटला आणि आठवडाभरात पांढरा दिवा परत आला. ज्यांच्या घरी पिवळसर दिवे आधीपासून आहेत, त्यांनी निळसर राखाडी अवश्य विचारात घ्यावी.

मातकट राखाडी मला सुरुवातीला फारशी पसंत नव्हती. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचे ऊन आले की ती किंचित मळकट भासते, आणि अंधाऱ्या खोलीत तर अधिकच. म्हणून ती घेताना एलआरव्ही, म्हणजे प्रकाश परतवण्याचा आकडा, 60 च्या वर आहे ना, हे पाहावे. या मापात काळा 0 आणि पांढरा 100 असतो. मात्र रात्री पांढऱ्या दिव्याखाली हीच भिंत खऱ्या अर्थाने राखाडी दिसते. शिवाय काळ्या मातीची धूळ कूलरच्या हवेबरोबर आत येते, ती या रंगावर लवकर डोळ्यांत भरत नाही, असा निदान माझा अनुभव आहे.

छटा निवडताना कार्डावर विसंबू नये. छोटा डबा आणून दोन-दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर दोन्ही रंगांचे दोन हात द्यावेत आणि ते पूर्ण वाळू द्यावेत, कारण ओला रंग बहुधा वाळल्यावर गडद होतो. मग ते पुठ्ठे भिंतीला टेकवून सकाळी, दिवेलागणीला आणि रात्री पाहावेत. शेजारी मूठभर कापूस ठेवला तर झाक लगेच कळते. आमच्या बैठकीची पाळी येत्या दिवाळीला आहे, आणि मधल्या खोलीच्या डब्यावरची मिश्रणाची चिठ्ठी मी त्यासाठी जपून ठेवली आहे.