ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीजची साईट: सारख्या वाटणाऱ्या शब्दांतला फरक कळण्यासाठी एक नंबर

उदगीरला स्पर्धा परीक्षेच्या लेकरांना इंग्रजी शिकवतो, त्यामुळं डिक्शनऱ्या बऱ्याच चाळून झाल्यात, पण सध्या रोजचं काम ज्या साईटवर चालायलंय ती ही. फुकट आहे. आणि तिच्यातली मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे सिनॉनिम्सची चौकट, तिच्याबद्दलच लिहायचंय.

आपल्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीत इंज्युअर, वूंड, हर्ट कुठलाही शब्द काढा, पुढं जखम नाहीतर इजा हेच येतं, मग लेकरू जो आठवेल तो शब्द टाकून मोकळं होतं. थिसॉरसनंही भागत नाही. रॉजेटचा थिसॉरस १८५२ पासून आहे, मोठंच काम आहे ते, पण तो शब्दांची रांग लावून देतो, त्यातला कुठला कुठं चालतो ते सांगत नाही, ज्याला इंग्रजी आधीच येतं त्याच्यासाठीच तो. इथं इंज्युअर उघडलं की त्याचे जवळचे शब्द एका चौकटीत फरकासकट येतात. अपघातात माणूस इंज्युअर्ड होतो, गोळी, चाकू असं हत्यार लागलं तर वूंडेड, म्हणजे नांदेड रोडला ट्रॅव्हल्स उलटली तर आतले प्रवासी वूंडेड लिहायचे नाहीत. आणि शेजारच्या स्पीकरवर दाबून उच्चार पण ऐका, वाउंडेड म्हणणारे आपल्याकडं लई आहेत.

प्राइसची चौकट तर मी प्रत्येक बॅचला दाखवतोच. विकणारा जे मागतो ती प्राइस, एखादी गोष्ट घ्यायला, करायला, बनवायला जे लागतं ती कॉस्ट, आणि व्हॅल्यू म्हणजे तिचं पैशातलं मोल. हे सोयाबीनवर सांगितलं की पोरांना लगेच कळतं, मोंढ्यात लागतो तो भाव प्राइस, बियाणं-खत-फवारणी-मजुरी ही कॉस्ट, आणि शेत विकायचं नसलं तरी त्याची व्हॅल्यू असतेच.

भाषा सोपी आहे ही फार जमेची बाजू. या डिक्शनरीचं मूळ म्हणजे ए. एस. हॉर्नबी, जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, १९४२ ला तिथंच त्यांची पहिली डिक्शनरी निघाली, म्हणजे सुरुवातीपासूनच ती परक्या भाषेतून इंग्रजीत येणाऱ्यांसाठी आहे, आपल्यासारख्यांसाठी, आणि ते पानापानावर जाणवतं.

पण सगळंच तिच्यात सापडणार नाही. दुष्काळाचंच बघा, आपल्याकडं निबंधाला ठरलेला विषय. ड्राउट आणि फॅमिन ही दोन्ही पानं शेजारी उघडली की कळतं, पाऊस फार दिवस नाही ते ड्राउट, मुलखात अन्नच उरलं नाही ते फॅमिन. मराठवाड्यात फॅमिन आहे असं लिहिलं तर तपासणाऱ्याला भूकबळी दिसणार, तुम्हाला म्हणायचंय टँकर आणि कोरड्या विहिरी. इथवर साईट पुरते. पण महाराष्ट्रानं १९६३ ला कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधून फॅमिन हा शब्दच काढला आणि तिथं स्कॅर्सिटी आणला, हे डिक्शनरी कशी सांगणार? आणि ते माहीत नसलं तर जुन्या सरकारी कागदात आपल्या दुष्काळाला स्कॅर्सिटी का म्हटलंय हे पोराला कळत नाही. ते शिकवणाऱ्यानंच सांगावं लागतं.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, त्यामुळं आता पर्यायाला गोल करून सुटका नाही, शब्द स्वतः निवडून लिहायचाय, म्हणून ही चौकट वाचायची सवय लावा असं मी सगळ्यांना कळकळीनं सांगायलोय.

मोबाईलवर चौकट मिटलेली असते, अर्थ संपला की खाली जाऊन दाबून उघडावी लागते, बरेच जण तिथवर जातच नाहीत. ॲपला पैसे आहेत, नेट असेल तर साईटवर भागतं. मराठी अर्थ मात्र अजिबात नाही, त्यामुळं ज्याला इंग्रजीतली साधी वाक्यं वाचायलाच जड जातं त्याच्या हातात आधी इंग्रजी-मराठीच द्या, ही नंतर.