झिजलेली सेकंडहँड बारा बोअर शॉटगन घेतली, काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

जुनी ट्रॅप गन (उडत्या मातीच्या चकत्या म्हणजे क्ले फोडायच्या खेळाची बंदूक) घ्यायची म्हटलं की जो तो एकच विचारतो, किती बार झालेत? आणि याचं खरं उत्तर विकणाऱ्याकडे पण नसतं, बंदुकीला काय मीटर नसतो. साधा हिशोब करा ना, ट्रॅपची एक राउंड 25 क्लेची, ऑलिंपिक ट्रॅपच्या क्वालिफिकेशनला तर एका क्लेवर दोन बार टाकता येतात, आठवड्याला चार राउंड मारणारा माणूस धरला तरी वर्षाला पाच हजार क्ले होतात. मी घेतली ती ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची, अशाच कुणाच्या तरी हातातली, इटालियन, ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) उडालेलं, चेकरिंग (पकडीसाठी लाकडावर कोरलेली जाळी) घासून गुळगुळीत, फोटो बघून कुणीही म्हणेल नको रे बाबा. मला मात्र आता वाटतं की किती झिजलीय हे विचारूच नये, कुठे झिजलीय ते बघावं, आणि तो पार्ट बदलता येतो का ते.

ब्लूइंग गेलं म्हणून क्ले फुटायचा राहत नाही. खरी झीज बसते बिजागरीत आणि लॉकिंगमध्ये, कारण दर बारानंतर गन उघडायची आणि बंद करायची. ब्राउनिंग कंपनीच्या पद्धतीत नळ्यांखालून आडवी पूर्ण पिन जाते, बेरेटा-पेराझी या इटालियन कंपन्यांच्या गनमध्ये दोन्ही बाजूंना छोट्या खुंट्या असतात म्हणून अ‍ॅक्शन (नळ्या बसतात तो मधला लोखंडी भाग) खालून उथळ राहते. खुंट्या बदलून थोड्या जाड बसवता येतात, म्हणजे ढिली झालेली गन परत घट्ट होते, आणि चांगल्या गनस्मिथला हे नेहमीचंच काम आहे.

ढिली आहे का बघायची रीत सोपी आहे पण लोक अर्धीच करतात. आधी गन उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामे बघा, मग फोरएंड (नळ्यांखालचं पुढचं लाकूड) काढा, कारण तो दाबून धरतो आणि खुळखुळ लपवतो, आणि हो, बिजागरीतलं ग्रीस फडक्याने पुसून काढा. जाड ग्रीस भरलं की जुनाट गन पण नव्यासारखी घट्ट वाटते, ही युक्ती विकणाऱ्यांना चांगली माहितीये. मग गन बंद करून मुठीजवळ धरून हलवून बघा. गन उघडायचा वरचा लिव्हर पण सांगतो बरंच काही, नव्या गनला तो बंद झाल्यावर मधल्या रेषेच्या थोडा उजवीकडे थांबतो, झिजत गेला की मध्ये येतो आणि मग डावीकडे. माझ्या गनमध्ये जेमतेम मध्ये होता. एक गन बघितली होती तिचा लिव्हर एकदम उजवीकडे, मस्त, पण पुसून बघितलं तर हुकवर (नळ्यांखालचा, बिजागरीत अडकणारा भाग) हातोडीने ठोकून धातू पसरवलेला दिसला. असली दुरुस्ती दोन सीझन पण टिकत नाही, तिथून सरळ निघालो.

नळ्यांचं वेगळं. नळ्या सुट्या करून बोटावर लटकवायच्या आणि लाकडी काडीने हलकं टिचकायचं, स्वच्छ आवाज आला तर रिबचं (नळ्यांवरची पट्टी) सोल्डर शाबूत, भद्द आला तर कुठेतरी सुटलंय, मात्र सुटे इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर उडवणारे पार्ट) पण कधी कधी खरखर करतात, ते आधी काढून ठेवा. चेंबरच्या पुढे काडतुसातल्या प्लॅस्टिक वॅडचा (छर्ऱ्यांमागची चकती) आणि शिशाचा थर बसतो, त्याखाली गंजाचे खड्डे लपतात, म्हणून घासून साफ केल्यावरच आत बघायचं. कपाटात पडून राहिलेल्या, "फारशी वापरलीच नाही" अशा गनमध्ये हे खड्डे मला जास्त दिसले, रोज वापरणारा निदान तेल तरी लावतो.

अजून एक, सिंगल ट्रिगर (दोन्ही नळ्यांना एकच चाप) इनर्शिया टाइपचा, म्हणजे बाराच्या धक्क्याने दुसऱ्या नळीवर जाणारा असेल तर स्नॅपकॅप (खोटं काडतूस) टाकून चाप ओढला की एकच नळी वाजते, दुसरी नाहीच. लोक म्हणतात बिघडलीय. अहो, त्याला धक्का लागतो, बटवर (खांद्याला टेकणारं टोक) तळहाताने थाप मारा, दुसरी सेट होते.

आता वापरातलं. खालची नळी आधी सुटते म्हणून खालचीच फायरिंग पिन (काडतुसावर ठोका मारणारी) आधी जाते, माझीही गेली, सोबत स्प्रिंग पण बदलून टाकली. पिनचे हलके ठोके पडायला लागले होते, काडतूस दुसऱ्या ठोक्याला सुटायचं, स्प्रिंग बदलल्यापासून तक्रार नाही. एक इजेक्टर उशिरा उडवायचा, तोही नीट झाला. 24 ग्रॅमची काडतुसं टाकतो, जड लोड कधी नाही, बिजागरी तेवढीच जास्त टिकते. नाराजी आहे ती स्टॉकची (मागचं लाकूड), डोक्याशी लाकूड तेल पिऊन काळं पडलंय आणि टँगमागे (अ‍ॅक्शनची लाकडात शिरणारी शेपटी) केसाएवढी चीर आहे, मागच्या मालकाने वर्षानुवर्षं नळ्या वर करून उभी ठेवलेली असणार, तेल खाली झिरपणारच ना. मी तोंड खाली करून ठेवतो.

वयाचं म्हणाल तर इटालियन गनवर प्रूफच्या (सरकारी चाचणीच्या) खुणांजवळ चौकटीत दोन अक्षरं असतात, ते वर्ष, AA म्हणजे 1975. विकणारा "नवीनच आहे हो" म्हणाला की आधी ते वाचा. फ्रेम आणि नळ्यांचे नंबर एकमेकांशी आणि लायसन्सवरच्या नोंदीशी जुळतात का हे पण, त्यात सूट नाही.

(हे सगळं शॉटगनचं. रायफलचं गणित उलटं, जोरदार सेंटरफायर कॅलिबरची नळी काही हजार बारांत घशाशी, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढे, जळून जाते, .22 रिमफायरची मात्र कितीतरी पट टिकते, तिथे किती बार हा प्रश्न खरंच विचारावा.)

माझी आधीची गन विकताना हेच सगळं उलट्या बाजूने केलं. लिव्हर, ब्रीच (नळ्यांचं मागचं तोंड), नळीचा आतला भाग, ओरखडे, सगळ्याचे फोटो दिले, बदललेले पार्ट लिहून दिले. घासाघीस जवळजवळ झालीच नाही, उलट चकचकीत फोटो टाकणाऱ्यांना जास्त फोन येतात आणि बघून परत जाणारेच जास्त. समोरच्याचं लायसन्स आणि ट्रान्सफरचा कागद हातात आल्याशिवाय गन दिली नाही, बघायला दिली तेव्हाही उघडून, चेंबर रिकामे दाखवून. हे ज्याला जाच वाटला त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवलं.

सध्या चिरेत इपॉक्सी भरलंय, रिकॉइल पॅड दगड झालाय तो बदलायचाय. सीझन संपला की खुंट्या पण घालून घेईन, तोपर्यंत लिव्हर मध्येच आहे.