नव्या कुलरमध्ये मेलेले किडे : ट्रेलर ओढणाऱ्यांनो, मी 5,432 डॉलरना फसलो

5,432 डॉलर. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण गेले तीन महिने तो मी घराबाहेर ओळखीच्या कुणाला सांगितलेला नाही. इथल्या आमच्या बे एरियातल्या मित्रांना "गिअरबॉक्सचं थोडं काम निघालं" एवढंच बोललो. लाज वाटत होती, अजूनही वाटते. पण त्यांच्यातले चौघे आता ट्रेलर घेऊन डोंगरातल्या टाहो सरोवराला निघालेत, म्हणून लिहितोय.

मे महिन्यात आम्हीही 17 फुटी कॅम्पर ट्रेलर घेऊन तिकडेच निघालो. एसयूव्हीची ओढण्याची क्षमता 5,000 पौंड. सॅक्रामेंटो जवळपास समुद्रसपाटीला आणि आय-80 महामार्गावरचा घाटमाथा, डोनर समिट, 7,239 फुटांवर. ऑबर्न सोडलं की चढ संपतच नाही. डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान दिसत नाही म्हणून मी मुद्दाम गाडीतले आकडे वाचणारा 32 डॉलरचा रीडर घेऊन फोनला जोडला होता. कोलफॅक्सच्या पुढे आकडा 238 फॅरनहाइटवर गेला. मी गाडी बाजूला घेतली, ट्रिप रद्द केली, कॅम्पसाइटचे 140 डॉलर सोडले आणि परत फिरलो. हे सांगतोय कारण "लक्ष दिलं नसशील" असं मला ऐकवलं गेलंय. मी लक्ष दिलं होतं. काळजी घेणारा माणूसच अशा गॅरेजात जातो, आणि त्यांना तोच हवा असतो.

मी गेलो त्या गॅरेजच्या भिंतीवर लॅमिनेट केलेला तक्ता होता: ऑइल 175 अंशांवर असेल तर गिअरबॉक्स एक लाख मैल चालतो, पुढे दर 20 अंशांना आयुष्य निम्मं. मॅनेजरनं 235 च्या ओळीवर बोट ठेवलं आणि गप्प बसला. त्याला आणखी काही बोलावंच लागलं नाही. तो तक्ता जुन्या काळच्या ऑइलवर बेतलेला आहे, हे मला खूप नंतर कळलं. आजची सिंथेटिक ऑइलं बरीच जास्त उष्णता सोसतात, आणि काही नव्या गाड्या तर पेट्रोल वाचावं म्हणून ऑइल मुद्दाम गरम ठेवतात. 238 चांगलं नाहीच, पण एका चढावर तेवढं झालं म्हणून गिअरबॉक्स मरत नाही.

मग गिअरबॉक्सखालचं ऑइलचं पॅन उघडून त्यातलं चुंबक माझ्यासमोर धरलं. त्यावर राखाडी चिखलासारखा थर. "हा तुमचा गिअरबॉक्स," तो म्हणाला. "घरी पोचाल की नाही, सांगता येत नाही." मागे बायको आणि दोन मुलं उभी. बायको म्हणाली, "अहो, दुसरीकडे दाखवून बघू या का?" मी म्हटलं, "उघडलेली गाडी नेणार कशी?" नेमकं हेच त्यांना हवं असतं. चुंबक असतंच मुळी ती बारीक भुकटी धरायला. मऊ, राखाडी लगदा प्रत्येक चाललेल्या गाडीत निघतो. घाबरायचं ते धातूचे कण बोटांना टोचले तर, किंवा ऑइलला जळका वास आला तर. मी ना बोट लावलं, ना वास घेतला.

तपासणी 189, गिअरबॉक्स रिबिल्ड (म्हणजे उतरवून, खोलून नव्यानं जोडणं) 4,380, गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा जादा कुलर 645, ऑइल 218. कार्डावर तीन टक्के जादा लागतील म्हणाला, म्हणून मी चेक दिला. 163 डॉलर वाचवले असं तेव्हा वाटलं. कार्डानं दिले असते तर बँकेकडे हरकत घेता आली असती. कार्डानंच द्या. तीन टक्के जाऊ देत.

आणि आता तो क्षण, जो मला रात्री झोपू देत नाही.

गाडी ताब्यात देताना त्यानं बॅटरी मारून पुढच्या जाळीतून कुलर दाखवला. "हा बघा, नवा." मी वाकून पाहिलं. काळा, चपटा कुलर, आणि त्याच्या पत्र्यांत वाळून चिकटलेले किडे. एक पतंग तर पंख पसरलेला. दोन दिवसांपूर्वी बसवलेल्या कुलरमध्ये वाळलेले किडे! मी ते पाहिले. माझ्या डोळ्यांनी पाहिले, आणि "थँक यू" म्हणून किल्ली घेतली. का? कारण चेक देऊन झाला होता, आणि एकदा पैसे दिले की माणसाला काम झालंय असंच पाहायचं असतं.

जूनमध्ये पुन्हा निघालो. त्याच ठिकाणी 241.

ओळखीतून एक म्हातारा मेकॅनिक मिळाला. 165 डॉलर घेऊन त्यानं गाडी वर उचलली आणि मला खाली बोलावलं. गिअरबॉक्सच्या बोल्टवर कारखान्यातल्या रंगाच्या खुणा जशाच्या तशा, त्यावर कित्येक वर्षांची माती. गिअरबॉक्स कधी उतरवलाच नव्हता. पॅनचं गॅस्केट तेवढं नवं. ऑइल तपकिरी, पॅनमधून सांडलं तेवढंच भरलेलं. आणि कुलर कंपनीचाच, पहिल्या दिवसापासूनचा. त्याचे पत्रे धुळीनं आणि किड्यांनी गच्च भरलेले होते, तापण्याचं निम्मं कारण तेच.

उरलेलं निम्मं कारण माझं. मी खंबाटकी घाटात गाडी शिकलो, चढाला खालचा गिअर घालायचा हे हाताला माहीत आहे. पण ऑटोमॅटिक आली आणि हात विसरला. मी सबंध चढ डी मध्ये टाकून ताशी 60 मैलांनी रेटत होतो. गिअर सारखे वरखाली होत होते, टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, लॉक होत नव्हता. मग आत ऑइल नुसतं घुसळलं जातं, आणि ते घुसळणंच तापतं. टो मोडचं, म्हणजे ट्रेलर ओढतानाचं बटण दाबा, खालचा गिअर धरा, 45 नं चढा. कॅलिफोर्नियात ट्रेलर असताना 55 च्या वर जायचंच नसतं. पाण्याची 40 गॅलनची टाकी घरूनच भरून नेऊ नका, ते सव्वातीनशे पौंडांहून जास्त वजन आहे. वर जाऊन भरा. आकडा चढला तर थांबा, पण इंजिन लगेच बंद करू नका, ऑइल फिरत राहू दे.

तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. गॅरेजांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला मी 31 फोटो, बिल, दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल, सगळं पाठवलं. सात आठवड्यांनी उत्तर: दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगळं आहे, आणि दरम्यान दुसऱ्यानं गाडी तपासल्यामुळे निश्चित सांगता येत नाही. तपासल्याशिवाय मला कळणार कसं होतं? फोन केला की दर वेळी नवा माणूस, आणि त्याला पहिल्यापासून सांगायचं. एकानं तर विचारलं, "तुम्ही जुने सुटे भाग परत मागितले होते का?" मागता येतात. काम सोपवतानाच मागायचे असतात, फॉर्मवर तसा रकाना होता. मी रिकामा सोडला. बदलून दिलेला भाग परत मिळत नसेल तरी निदान पाहायला मिळतो. माझ्या बाबतीत दाखवायला काहीच नव्हतं, म्हणजे तो एक रकाना भरला असता तर खेळ तिथेच संपला असता. पण हे त्या माणसानं मला सुनवायचं, गॅरेजवाल्याला एक प्रश्न विचारायचा नाही? गाडी पाहायला माणूस पाठवा म्हणून मी चारदा विनवलं. कोणी आलं नाही. प्रकरण बंद.

आता स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे लहान रकमांच्या कोर्टात दावा लावलाय. 75 डॉलर फी, मर्यादा 12,500, वकील कुणालाच आणता येत नाही. पुढच्या महिन्यात तारीख आहे. जुना कुलर काढून त्या म्हाताऱ्यानं खरोखरचा नवा 410 मध्ये बसवून दिला. परवा त्याच चढावर 204 च्या वर गेला नाही. जुना कुलर मी धुतलेला नाही. तो पतंग आहे तसाच त्यात ठेवून, खोक्यात बांधून न्यायाधीशांसमोर नेणार आहे.